नाणे चालते कशाने? रायगड ते लाइटकॉइन

अलिबाग : इ. स. १६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून जलमार्गाने चौलला आला आणि तेथून अष्टमी, निजामपूर, पाचाड असा प्रवास करीत रायगडावर पोहोचला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तो हजर होता, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्याने आणलेल्या मागण्यांच्या यादीत एक कलम नाण्यांविषयी होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मुंबईच्या टांकसाळीत नाणी पाडायला कंपनीने नुकतीच सुरुवात केली होती आणि ती महाराजांच्या मुलखातही चालावीत, अशी तिची इच्छा होती.

या मागणीला मिळालेले उत्तर कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. त्याचा आशय असा की, कोणतेही नाणे सक्तीने चालवण्याचे कारण नाही. ज्या नाण्यात रयतेला तोटा होईल ते घ्यायला तिला भाग पाडता येणार नाही. मात्र इंग्रजांचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकेच कसाचे आणि वजनाचे असेल, तर त्याला मनाईही असणार नाही. महाराजांची स्वतःची शिवराई आणि होन याच काळात चलनात येत होते. तरीही परक्या नाण्याला सरसकट दार बंद केले गेले नाही आणि सरसकट उघडलेही गेले नाही. नाणे पारखून घेता आले पाहिजे आणि घेणाऱ्याला ते नाकारण्याची मुभा असली पाहिजे, एवढेच त्या उत्तरात अभिप्रेत होते.

साडेतीनशे वर्षांनंतर याच दोन अटी वेगळ्याच नाण्यांच्या बाबतीत पुन्हा आठवाव्या लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात देशभर साठ ठिकाणी छापे घातले. त्यात पुणे, नांदेड आणि कोल्हापूर ही महाराष्ट्रातील तीन शहरे होती. बिटकॉइन गुंतवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा मिळवा, अशी ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली होती. २०१७ च्या सुमारास नव्या गुंतवणूकदारांचा ओघ आटला, तेव्हा योजनाचालकांनी परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाच्या आपल्याच एका नाण्यात देण्यास एकतर्फी सुरुवात केली, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. बिटकॉइनच्या तुलनेत त्या नाण्याची किंमत फारच कमी होती. ज्यांनी बिटकॉइन दिले होते त्यांच्या हाती ‘पर्यायी नाणे’ पडले.

यानंतर ‘बिटकॉइन सोडून बाकी सगळी नाणी खोटी’ असा एक समज मध्यमवर्गात पसरला, तर दुसरीकडे ‘बिटकॉइन महाग झाले, आता स्वस्तातले दुसरे घ्या’ असा उलट सल्ला देणारेही निपजले. दोन्ही बाजू घाईच्या आहेत. पर्यायी नाणे म्हणजे नेमके काय, ते चालते कसे आणि एकापासून दुसरे वेगळे कशाने ठरते, हे समजून घ्यायचे तर या जातीच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांपैकी एकाकडे, ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘लाइटकॉइन’कडे पाहणे सोयीचे ठरते. त्याच्या वयाची बहुतेक नाणी केव्हाच विस्मृतीत गेली. हे अजून चालू आहे.

किनाऱ्यावरची जुनी सराफी

एकाच बाजारात अनेक चलने ही कल्पना आज चमत्कारिक वाटत असली तरी रायगडच्या किनाऱ्याला ती नवी नाही. चौलच्या बंदरात आखातातून, गुजरातेतून आणि पोर्तुगीज वसाहतींतून माल येई, तसा पैसाही येई. चांदीची तार दुमडून बनवलेली ‘लारी’ मूळची इराणची. विजापूरच्या आदिलशाहीने दाभोळला आपल्या लाऱ्या पाडल्या आणि कोकणात त्या चालल्या. पुढे अठराव्या शतकात आंग्र्यांचा ‘अलिबागी रुपया’ निघाला. या गर्दीत व्यवहार होत असे तो सराफाच्या भरवशावर. नाणे कोणत्या टांकसाळीचे, किती झिजलेले, कस किती, हे पाहून तो बट्टा ठरवी. राजाचा शिक्का विश्वास देई खरा, पण अंतिम शब्द तराजूचा आणि कसोटीच्या दगडाचा असे.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया ठरवला. १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले. राज्य गेले की त्याच्या नाण्याची पत जाते. पण अलिबागी रुपया ज्याच्या गाठीला होता त्याच्याकडे चांदी तरी उरली. सराफाने ती वजनाने घेतली असती. लाइटकॉइनच्या बाबतीत हा शेवटचा आधार नाही. ते नाकारले गेले, तर वितळवून विकण्याजोगे मागे काहीच उरत नाही. म्हणूनच त्याची पारख कशी होते, हा प्रश्न चांदीच्या नाण्यापेक्षा अधिक कळीचा ठरतो.

सर्वांच्या हाती एकच वही

‘सातोशी नाकामोतो’ या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे जाळे सुरू झाले. जागतिक वित्तीय संकटाचे ते दिवस होते. बँकांना सरकारी मदतीने तारण्याविषयीचा त्या दिवशीच्या एका ब्रिटिश वृत्तपत्राचा मथळा पहिल्याच नोंदीत गुंफलेला आहे, त्यावरून निर्मात्याचा रोख कळतो.

बँकेच्या खात्यातील पैसा म्हणजे बँकेच्या वहीतील एक नोंद. ती वही बँकेच्या ताब्यात असते आणि ती खरी आहे यावर ठेवीदाराला विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास मोडला म्हणजे काय होते, हे रायगडकरांना वेगळे सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, बोगस कर्जखात्यांची प्रकरणे बाहेर आली आणि ठेवीदारांना पुढे वर्षानुवर्षे मोर्चे आणि न्यायालये यांच्या वाऱ्या कराव्या लागल्या. वही एकाच्याच हाती असली आणि ती तपासणारेही गाफील राहिले, तर असे होते.

बिटकॉइनमध्ये ही वही कोणा एकाकडे नसते. जाळ्यातील हजारो संगणकांवर तिची प्रत असते आणि प्रत्येक संगणक प्रत्येक व्यवहार स्वतः तपासतो. नाणे देणाऱ्याची स्वाक्षरी जुळते का, ते नाणे त्याने आधीच दुसऱ्याला दिलेले नाही ना, हे प्रत्येक जण पाहतो. सराफाची कसोटी जणू प्रत्येकाच्या ओसरीवर आणून ठेवली आहे. ही स्वाक्षरी अर्थात शाईची नव्हे; एका गुप्त संख्येवरून, म्हणजे किल्लीवरून, गणिताने तयार होणारी असते. किल्ली ज्याच्या हाती, नाणे त्याचे.

अडचण एकच उरते. एकाच वेळी दोन परस्परविरोधी नोंदी आल्या तर खरी कोणती? त्यासाठी वहीचे नवे पान लिहिण्याचा हक्क शर्यतीने ठरतो. जो संगणक अवघड आकडेमोडीचे कोडे आधी सोडवील त्याने पान लिहायचे आणि मोबदला म्हणून नवी नाणी घ्यायची. यालाच ‘मायनिंग’ म्हणतात. कोडे सोडवायला वीज आणि यंत्रे लागतात. उत्तर बरोबर आहे की नाही, हे मात्र क्षणात पडताळता येते. प्रत्येक पान आधीच्या पानाशी बांधलेले असल्याने जुनी नोंद फिरवायची तर पुढची सगळी पाने नव्याने लिहावी लागतात आणि तीही बाकी सर्वांपेक्षा जलद. या खर्चाचीच वहीला राखण आहे. बिटकॉइनचे पान साधारण दहा मिनिटांना एक लिहिले जाते आणि एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत, असा नियम आहे.

चौपटीचा हिशेब

बिटकॉइनची संगणकीय आज्ञावली पहिल्यापासून खुली होती. कोणीही ती वाचावी, नक्कल करावी, बदलावी. त्यामुळे २०११ मध्ये बदल करून नवी नाणी काढण्याची जणू साथच आली. त्यातील ‘नेमकॉइन’ने नाण्याबरोबर संकेतस्थळांच्या नावांची नोंदणीही वहीत घेतली. ‘टेनेब्रिक्स’ नावाच्या दुसऱ्या एका नाण्याने वेगळे कोडे वापरले, पण निर्मात्यांनी प्रारंभीच सुमारे ७७ लाख नाणी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवली. टांकसाळीच्या मालकाने पहिली पोती आपल्याच घरी धाडावीत, तसा हा प्रकार. त्याला उत्तर म्हणून निघालेल्या ‘फेअरब्रिक्स’ने अशी राखीव नाणी ठेवली नाहीत; परंतु सुरू होताच त्याच्या जाळ्यावर हल्ला झाला आणि ते कोसळले.

फेअरब्रिक्समागे चार्ली ली हा अभियंता होता. तो तेव्हा गुगलमध्ये नोकरीस होता. या अनुभवानंतर त्याने लाइटकॉइन काढले. आज्ञावली ७ ऑक्टोबर २०११ रोजी खुली केली आणि जाळे प्रत्यक्ष सुरू होण्याची वेळ आधी जाहीर करून १३ ऑक्टोबरला ते सुरू केले. सर्वांना एकाच रेषेवरून पळू द्यायचे, हा हेतू. पैशाच्या इतिहासात अशा गोष्टी किरकोळ वाटतात, पण एखादे नाणे पुढे विश्वासार्ह मानले जाते की नाही, ते पुष्कळदा पहिल्या आठवड्यातच ठरते.

लाइटकॉइनचे वेगळेपण मुख्यतः दोन गोष्टींत आहे. पहिली वेळेची. त्याचे पान दहाऐवजी अडीच मिनिटांना एक लिहिले जाते. पाने चौपट, म्हणून बाकीचे आकडेही चौपट : एकूण नाणी २ कोटी १० लाखांऐवजी ८ कोटी ४० लाख, मोबदला निम्मा होण्याची पायरी २ लाख १० हजार पानांऐवजी ८ लाख ४० हजार पानांवर. दोन्हीकडे ही पायरी साधारण चार वर्षांनी येते. लाइटकॉइनचा मोबदला प्रत्येक पानाला ५० नाण्यांपासून सुरू झाला आणि २०१५, २०१९ आणि २०२३ या वर्षांच्या ऑगस्ट महिन्यांत निम्मा निम्मा होत ६.२५ वर आला.

८ कोटी ४० लाख हा आकडा ऐकून ‘म्हणजे हे स्वस्त’ असे मानणारे बरेच आहेत. पैशांची संख्या रुपयांहून शंभरपट असते, म्हणून पैसा स्वस्त ठरत नाही. दोन्ही नाण्यांचा दहा कोटीवा हिस्साही देता-घेता येतो. तेव्हा एका नाण्याच्या किमतीची दुसऱ्याशी तुलना करून स्वस्ताई ठरवणे निरर्थक आहे. ‘बिटकॉइन सोने, तर लाइटकॉइन चांदी’ हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी रूढ केलेले समीकरणही जाहिरातीपुरतेच खरे. चांदीचे दागिने होतात, भांडी होतात, कारखान्यांतही ती लागते. लाइटकॉइन दिल्याघेतल्याखेरीज कशाला लागत नाही.

वेग वाढल्याने काय साधते? नारळाच्या किंवा सुपारीच्या मोठ्या सौद्यात पैसे आल्याची पहिली खूण विक्रेत्याला दहाऐवजी अडीच मिनिटांत मिळते. मात्र लाइटकॉइनची चार पाने म्हणजे बिटकॉइनच्या एका पानाएवढी सुरक्षितता, असे गणित मांडता येत नाही. पानामागे किती संगणकीय बळ आणि खर्च उभा आहे, यावर त्याची मजबुती ठरते आणि बिटकॉइनमागचा खर्च कितीतरी मोठा आहे. शिवाय पाने भराभर लिहिली जाऊ लागली की दोघांनी एकाच वेळी पान लिहिण्याचे आणि त्यातले एक वाया जाण्याचे प्रसंगही वाढतात. वेग फुकट मिळत नाही.

कोडे बदलले, मग यंत्रे बदलली

दुसरे वेगळेपण कोड्याचे. बिटकॉइनचे कोडे निव्वळ आकडेमोडीचे आहे. त्यामुळे आधी चित्रपटलाची कार्डे आणि नंतर एवढ्याच कामासाठी घडवलेल्या चिप यांनी साध्या संगणकांना शर्यतीतून हुसकावून लावले. लाइटकॉइनने ‘स्क्रिप्ट’ नावाची पद्धत घेतली. कॉलिन पर्सिव्हल या संगणकशास्त्रज्ञाने ती २००९ मध्ये वेगळ्याच कारणासाठी रचली होती : चोराला परवलीचे शब्द अंदाजाने शोधणे महागात पडावे म्हणून. तिच्यात आकडेमोडीबरोबर स्मृतीही खर्ची पडते. केवळ जलद बेरजा करणारे यंत्र पुरत नाही, मधली उत्तरे साठवायला जागाही लागते. घरच्या संगणकाला निदान काही काळ तरी स्पर्धेत राहता यावे, हा त्यामागचा विचार.

तो फार काळ टिकला नाही. लाइटकॉइनने निवडलेली स्मृतीची गरज होती अवघी १२८ किलोबाइटची. नाण्याला भाव आल्यावर एवढी स्मृती चिपमध्ये बसवणे कोणाही उत्पादकाला फायद्याचे झाले. २०१४ पासून स्क्रिप्टसाठी घडवलेली यंत्रे बाजारात आली आणि घरगुती संगणक इथूनही बाहेर पडला. ज्या वैशिष्ट्यासाठी नाणे जन्माला आले ते तीन वर्षांतच बोथट झाले, हे मान्य करायला हवे. पुरस्कर्ते आजही ‘सामान्यांचे नाणे’ म्हणून जी थोरवी सांगतात ती इतिहासजमा झालेली आहे.

तरीही वेगळ्या कोड्याचा एक उपयोग उरला. बिटकॉइनची अजस्र यंत्रे लाइटकॉइनवर वळवता येत नाहीत, कारण ती दुसऱ्याच कोड्यासाठी घडलेली आहेत. लहान नाण्यांना नेमका हाच धोका असतो. जाळ्याच्या निम्म्याहून अधिक बळ एकाच्या हाती आले, तर तो दिलेले नाणे परत फिरवून दुसऱ्यांदा खर्च करू शकतो. बिटकॉइनमधूनच फुटून निघालेल्या ‘बिटकॉइन गोल्ड’वर मे २०१८ मध्ये असा हल्ला झाला. लाइटकॉइन स्वतःच्या कोड्याच्या बाजारात मोठे राहिले. २०१४ मध्ये ‘डोजकॉइन’ हे थट्टेखातर निघालेले, पण तेच कोडे वापरणारे नाणे त्याच्या जोडीला आले आणि एकाच श्रमात दोन्ही वह्यांची पाने लिहिण्याची सोय झाली. तेव्हापासून दोन्ही जाळ्यांची राखण बव्हंशी एकाच यंत्रांवर चालते. गंभीर नाण्याच्या पहारेकऱ्याचा पगार निम्मा विनोदी नाण्यातून यावा, हा या क्षेत्राच्या स्वभावाला साजेसाच योगायोग.

वीज जाळून पहारा देण्याला पर्याय शोधणारे नाणेही फार उशिरा आले नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘पिअरकॉइन’ने, ज्याच्याकडे नाणी अधिक काळ पडून आहेत त्याला पान लिहिण्याची संधी अधिक, अशी पद्धत आणली. ते नाणे मागे पडले, पण राखून ठेवलेल्या नाण्यांच्या आधारे पहारा देण्याची ती कल्पना टिकली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’ने मायनिंग सोडले ते तिच्याच एका सुधारित रूपासाठी. लाइटकॉइन मात्र जुन्या वाटेवरच राहिले. त्याचे खरे कार्य बिटकॉइनच्या रंगीत तालमीचे, असे म्हटले तर वावगे ठरू नये : स्वाक्षऱ्या व्यवहाराच्या मुख्य नोंदीपासून वेगळ्या ठेवण्याची सुधारणा मे २०१७ मध्ये आधी इथे लागू झाली, ऑगस्टमध्ये बिटकॉइनमध्ये.

मे २०२२ मध्ये लाइटकॉइनने रकमा झाकून व्यवहार करण्याची ऐच्छिक सोयही आणली. पुढच्याच महिन्यात दक्षिण कोरियातील मोठ्या बाजारांनी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याकडे बोट दाखवून हे नाणे यादीतून काढून टाकले. सर्वांना दिसणारी वही हेच ज्याचे बळ, त्याने वहीवर पडदा टाकला की संशय येणारच. उलट बाजूही खोटी नाही : आपल्या पगाराची रक्कम शेजाऱ्याला दिसू नये असे वाटणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो.

पारख आणि नकार

आता पुन्हा ‘एमकॅप’कडे. लाइटकॉइनमध्येही हितसंबंध आणि अफवा यांचा तोटा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये भाव चढलेले असताना चार्ली लीने आपल्याजवळची सारी लाइटकॉइन विकली किंवा दान केली. हितसंबंधांचा आरोप नको, हे त्याने दिलेले कारण. ते पटणारे असले तरी ज्यांनी त्याच सुमारास चढ्या भावात खरेदी केली त्यांचे समाधान त्याने झाले नसावे. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील वॉलमार्ट हे नाणे स्वीकारणार, असे एक बनावट पत्रक निघाले. भाव सुमारे तीस टक्क्यांनी उसळला आणि खुलासा होताच खाली आला. म्हणजे हे नाणे सुरक्षित गुंतवणूक आहे, असे मुळीच नाही.

फरक दुसरीकडे आहे. लाइटकॉइन किती निघाली, किती निघणार, अमुक व्यवहार झाला की नाही, हे कोणालाही कोणाची परवानगी न घेता पडताळता येते. संस्थापकाने सगळी नाणी विकली, तरी वही चालूच राहते. आणि ते कोणी कोणाच्या गळ्यात मारत नाही. घेणारा बाजारभावाने घेतो किंवा सोडून देतो. ‘गेनबिटकॉइन’च्या गुंतवणूकदाराला या दोन्ही गोष्टी नव्हत्या. परताव्याचा पैसा कोठून येतो, हे तपासण्याची सोय नव्हती. परताव्याचे नाणे बदलले तेव्हा नकार देण्याची मुभाही नव्हती, कारण त्याचे बिटकॉइन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले होते. दरमहा दहा टक्के हे आश्वासन कोणत्याही वहीत किंवा कोड्यात नसते; लाइटकॉइन बाळगणाऱ्याला व्याज मिळत नाही आणि पिअरकॉइनसारख्या नाण्यातही असा परतावा ठरलेला नसतो. जिथे ते दिले जाते तिथे नाणे कोणतेही असो, धंदा वेगळाच असतो.

योजनेचा मुख्य सूत्रधार म्हणून ज्याचे नाव आले तो अमित भारद्वाज २०१८ मध्ये पुणे पोलिसांच्या हाती लागला होता. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. राज्याराज्यांतील गुन्हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय यंत्रणेकडे एकत्र झाले. फेब्रुवारी २०२५ च्या छाप्यांत सुमारे २४ कोटी रुपयांची आभासी नाणी जप्त झाली. देशभर पसरलेल्या योजनेच्या मानाने ही रक्कम किती तुटपुंजी, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

कायदा आणि क्यूआर कोड

भारतात या नाण्यांची कायदेशीर अवस्था त्रिशंकूची आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवसायाशी संबंध तोडण्यास सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर तीस टक्के कर लावला, तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्यास मनाई केली आणि ठराविक मर्यादेवरील हस्तांतरावर एक टक्का करकपात आणली. मार्च २०२३ मध्ये या व्यवसायातील संस्था मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आल्या. बंदी नाही आणि चलन म्हणून मान्यताही नाही.

या करांचा परिणाम लाइटकॉइनच्या मूळ दाव्यावरच होतो. ते दैनंदिन देवघेवीचे नाणे व्हावे, ही त्याची महत्त्वाकांक्षा. परंतु नागावच्या एखाद्या घरगुती निवासाचे भाडे त्यात चुकते केले, तर कायद्याच्या दृष्टीने तो मालमत्तेचा विक्रय ठरतो. खरेदीच्या आणि दिल्याच्या दिवशीच्या भावांतील फरक नफा म्हणून मोजावा लागतो. इतका खटाटोप कोण करणार? शिवाय २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने अडीच मिनिटांची मातब्बरी ठेवलेली नाही. काशीदच्या किनाऱ्यावरचा शहाळेवाला आणि अलिबागच्या बाजारातली मासळीवाली क्यूआर कोडवर काही सेकंदांत पैसे घेतात. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपयाही १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य ग्राहकांसाठी प्रायोगिक स्वरूपात आला; मुंबई त्या पहिल्या चार शहरांत होती. आखातात नोकरी करणाऱ्या कोकणी माणसाने घरी पैसे धाडायचे म्हटले तर सीमेपलीकडच्या व्यवहारात या नाण्यांना काही अर्थ उरतो खरा, पण भावाच्या चढउताराची जोखीम वाटेत त्याच्याच डोक्यावर असते.

बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे. पेणच्या ठेवीदारांच्या वेळी ते एक लाखाचे होते. आभासी नाण्याला असे काहीच नाही. किल्ली हरवली तर कोणत्या कार्यालयात अर्ज करायचा, या प्रश्नाला उत्तर नाही. किल्ली दुसऱ्याकडे ठेवली, तर पुन्हा वही त्याच्या हाती जाते. जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांची खाती महिनोन्‌महिने गोठलेली राहिली. नाण्यांच्या वह्यांत तेव्हाही खोट नव्हती. बहुतेक ग्राहकांकडे मात्र नाणी नव्हतीच; बाजाराने दिलेली नोंद तेवढी होती.

लाइटकॉइनपुढे याहून निराळी एक परीक्षा आहे. २०२७ च्या सुमारास त्याचा मोबदला आणखी निम्मा होऊन ३.१२५ नाण्यांवर येईल आणि पुढे दर चार वर्षांनी घटतच जाईल. पहारा देणाऱ्या यंत्रांचा खर्च मग व्यवहारांवरील शुल्कातून भागावा लागेल. पण हे शुल्क अत्यल्प आहे, हेच तर त्याचे आकर्षण. शुल्क वाढले तर वापर घटणार आणि न वाढले तर पहारा दुबळा होणार. तूर्त ही तूट डोजकॉइनच्या कमाईने बुजते आहे, आणि त्या नाण्याच्या संख्येला कमाल मर्यादाच नाही.